सातव्या पानाखालच्या दोन मात्रा

हे खरं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मी रचून सांगतेय असं म्हणू नका.

रचायचंच असतं तर मी रात्रीची वेळ घेतली असती. एखादा ओसाड बंगला घेतला असता, वीज घालवली असती. माझ्या बाबतीत जे घडलं ते मंगळवारी, दुपारी साडेतीनला, ट्यूबलाइटच्या ढळढळीत उजेडात घडलं. आजूबाजूला साठ माणसं बसली होती.

माझ्याशिवाय आणखी दोघांनी ते ऐकलं. एकजण आता निवृत्त झालाय. दुसरा माझ्याशी त्या विषयावर आजही बोलत नाही.

मी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते.

व्हायोला म्हणजे व्हायोलिनचाच थोरला भाऊ. अंगाने जरा मोठा, आवाजाने जाड. व्हायोलिन सगळ्यांना माहीत असतं. चेलो माहीत असतो. उभा राहून वाजवायचा तो डबल बास तर दारातूनच दिसतो. आम्ही व्हायोलावाले म्हणजे लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभे असलेले नातेवाईक. कोण आहेत ते कुणालाच आठवत नाही, पण नसले तर फोटोत भोक पडतं.

आता एक पद्धत सांगते. ती कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

तारवाद्यं वाजवणाऱ्यांमध्ये दोघांत एक स्टँड असतो. नोटेशनची वही एक, वाजवणारे दोन. प्रेक्षकांच्या बाजूला बसतो तो बाहेरचा. दुसरा आतला. पान उलटायचं काम कायम आतल्याचं. पान संपत आलं की आतला वाजवायचा थांबतो, हात पुढे करतो, पान उलटतो आणि पुन्हा वाजवू लागतो.

तेवढा वेळ बाहेरचा वाजवत राहतो. म्हणून ऐकणाऱ्याला खंड कळत नाही.

आमच्या स्टँडवर बाहेरच्या खुर्चीत माझी ताई बसायची. आत मी.

सतरा वर्षं.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. माझ्या हातात बो, म्हणजे तारांवर फिरवायचा गज, तिनेच दिला. बो दाबायचा नसतो, हाताचं वजन सोडायचं असतं, हे मला नवव्या वर्षी तिने सांगितलं, आणि मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षीसुद्धा दाबतेच. ऑर्केस्ट्रात तिला मोठी म्हणायचे, मला छोटी. आईवडील गेल्यावर आम्ही दोघीच दोन खोल्यांच्या घरात राहायचो. लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत ते विचारू नका, त्याची कथा वेगळी आहे आणि तिच्यात भूत नाही.

दीड वर्षापूर्वी एका तालमीत माझ्या लक्षात आलं.

आम्ही वाजवत होतो. ताईचा बो माझ्या बोबरोबर खाली-वर होत होता. एका सेक्शनचे सगळे बो एकाच वेळी एकाच दिशेला जायला हवेत, तसा तो जात होता. नेहमीसारखाच देखणा.

आणि मला फक्त माझाच आवाज येत होता…

मी तिरकं पाहिलं.

तिच्या बोचे केस तारेला टेकत नव्हते. मधे जेमतेम एखादा कागद सरकेल एवढी फट होती.

घरी गेल्यावर मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "डाव्या हाताची बोटं बधिर झालीत गं. तारेवर पडतात, पण कुठं पडली ते मला कळत नाही. बेसूर वाजवण्यापेक्षा न वाजवलेलं बरं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"मानेतली नस आहे म्हणतात. औषध चालू केलंय. दोन महिने सांभाळून घे मला."

दोन महिन्यांचे आठ महिने झाले.

सांभाळून घेणं म्हणजे काय, ते वाजवणाऱ्यालाच कळेल. एका स्टँडवरून दोघींचा आवाज यायला हवा. मग बो घोडीच्या जवळ धरायचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकलेल्या असतात त्या लाकडी तुकड्याच्या जवळ. तिथे वजन जास्त सोडलं की आवाज फुगतो. पण संध्याकाळपर्यंत खांदा कामातून जातो. मी रोज रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपायचे आणि ताई माझ्या खांद्याला मलम चोळायची. तिच्या उजव्या हाताने. डावा मांडीवर ठेवून.

त्यात आमचे सेक्शन लीडर. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "छोटे, तू एकटीच वाजवतेस का? बाकीचे काय शोभेला बसलेत?"

सगळे हसले.

ताईही हसली.

मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

आमचे कंडक्टर, म्हणजे तिकीट फाडणारे नव्हेत, छडी हलवणारे. आम्ही पाठीमागे त्यांना छडीवाले म्हणतो. माणूस सज्जन आहे. त्यांनी त्या महिन्यात एक लांबलचक रचना काढली होती. तिच्या संथ भागात व्हायोलांना मोठी धून आहे, आमच्या नशिबी क्वचितच येणारी. पण छापणाऱ्यांनी पान नेमकं भलत्या जागी तोडलंय. सातव्या पानाच्या तळाशी धून ऐन भरात असताना पान उलटावं लागतं. आतल्याच्या दोन मात्रा जातात. लय संथ, म्हणजे मोजून तीन सेकंद.

त्या दिवशी छडीवाल्यांना आमची धून गढूळ वाटली. त्यांनी ऑर्केस्ट्रा थांबवला.

"व्हायोला, सातवं पान. एकेक स्टँड वाजवा."

असं एकेका स्टँडला वाजवायला लावलं की आमच्यातले जुनेजाणतेसुद्धा घामाघूम होतात. आमचा स्टँड तिसरा. पहिले दोन वाजवून झाले. ताईने व्हायोला हनुवटीखाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

मी दोघींचं वाजवायला लागले. चांगलं जमत होतं. खरंच चांगलं जमत होतं.

पानाचा तळ आला.

मी थांबले, हात पुढे केला आणि पान उलटलं.

आणि साठ माणसांच्या त्या हॉलमध्ये तीन सेकंद…

काहीच वाजलं नाही.

ताईचा बो सावकाश खाली येत होता. बोटं तारेवर हलत होती. चेहरा धुनेत बुडालेला. आणि आवाज नव्हता. मी पुन्हा वाजवायला लागले तेव्हा कुठे आवाज आला.

छडीवाल्यांनी ओळ पूर्ण होऊ दिली. मग मान खाली घालून म्हणाले, "धन्यवाद. पुढचा स्टँड."

एवढंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

ताईने दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन राजीनामा दिला. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी, जेवताना, तिने मला विचारलं होतं.

"पान का उलटलंस?"

"सवय गं," मी म्हटलं.

"हं, सवयच," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

मी खोटं बोलले होते.

खरं काय होतं ते सांगणार आहे, जरा दम धरा. पण एवढं लक्षात असू द्या, की माझ्या बहिणीने आयुष्यात माझ्याकडे एकाच प्रश्नाचं खरं उत्तर मागितलं, आणि ते मी तिला दिलं नाही.

त्यानंतर ताई घरीच असायची. व्हायोला कपाटावर चढला. मी तालमीला निघाले की ती दारापर्यंत यायची आणि विचारायची, आज काय वाजवणार. सातव्या पानाची तालीम असली की मी दुसरंच काहीतरी सांगायचे. रोज ठरवायचे, आज हिला खरं सांगून टाकू. रोज घरी यायचे, भाजी चिरायचे, आणि उद्यावर ढकलायचे.

साडेतीन महिन्यांनी एका सकाळी ताई उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, तिला कळलंही नसेल.

मला मात्र सगळं कळत होतं. आता उद्या नव्हता.

सहा आठवड्यांनी मी तालमीला गेले. तोच मंगळवार.

ताईची जागा भरलेली नव्हती. निवड व्हायची होती. अशा वेळी आतल्याने सरकून बाहेरच्या खुर्चीत बसायचं असतं. आमच्या मागच्या स्टँडवर सगळे ज्यांना काका म्हणायचे ते जुने वादक बसायचे, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. ते हळूच म्हणाले, "छोटे, सरक ना बाहेर."

ताई घरी होती तेव्हा मी बाहेर बसायचे, पण त्या दिवशी सरकले नाही. आतच बसले. बाहेरच्या खुर्चीवर माझं स्वेटर ठेवलं.

छडीवाल्यांनी तीच रचना पुन्हा काढली होती. संथ भाग सुरू झाला. सहावं पान झालं. सातवं आलं. मी वर बघतच नव्हते, डोळ्यांत पाणी होतं आणि ओळी आपोआप हातातून जात होत्या.

तळ आला. मी थांबले. हात पुढे केला. पान उलटलं.

एक मात्रा…

दोन मात्रा…

बाजूच्या खुर्चीतून व्हायोला वाजत होता.

आजूबाजूला दहा व्हायोला होते, मान्य. पण जी बाई सतरा वर्षं कानाजवळ वाजवत होती तिचा आवाज दहांत ओळखायला फार अक्कल लागत नाही. ताईचा स्वर जरासा गडद होता. बोट तारेवर हलवून ती जी थरथर काढायची ती संथ असायची, घाई नसलेल्या माणसाची. तो स्वर माझ्या कानापासून हातभर अंतरावरून आला.

मी मान वळवली.

खुर्चीवर स्वेटर होतं. बाकी काही नव्हतं.

तालीम संपल्यावर काका जवळ आले. व्हायोला पेटीत ठेवता ठेवता म्हणाले, "पान उलटताना वाजवतेस कशी तू? तीन हात आहेत का तुला?"

मी हसण्यावारी न्यायला गेले, पण हसता आलं नाही. काकांनी माझा चेहरा पाहिला. मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. पेटी बंद केली आणि निघून गेले.

घाबरायला हवं होतं मी. पण त्या रात्री मी रडले ते भीतीने नाही. तिची बोटं बरोबर पडत होती. आठ महिने तारेवर आंधळी झालेली बोटं आता अचूक पडत होती. आजारी पडायच्या आधीची ताई वाजवत होती, ऐन भरातली.

मग दर तालमीला ते होऊ लागलं.

फक्त सातव्या पानाखाली. फक्त त्या दोन मात्रा.

एका गुरुवारी हॉल झाडणाऱ्या मावशींनी मला जिन्यात अडवलं. त्या सकाळी लवकर येतात, आमच्यापैकी कोण आहे, कोण गेलं, त्यांना ठाऊक नसतं.

"तुमच्या शेजारी बसतात ना, त्या बाईंना सांगा. खाली कागद टाकून बसा म्हणावं. रोज पांढरी पावडर पडते खुर्चीखाली. फरशीला चिकटते, पुसून पुसून हात दुखतात."

ती पावडर म्हणजे राळ. बोच्या केसांना राळ घासल्याशिवाय तार बोलत नाही. वाजवताना ती तारेवरून झडते आणि खाली पडते.

बो तारेला टेकला तरच पडते.

"सांगते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर आमचा रेकॉर्डिंगवाला. हा तरुण, टापटीप, भुताखेताची चेष्टा करणारा. व्हायोला कधी ऐकूच येत नाहीत म्हणून त्याने त्या महिन्यात आमच्या स्टँडजवळ एक माइक लावला होता. एका दुपारी त्याने मला त्याच्या काचेच्या खोलीत बोलावलं.

"बाई, तुमच्या स्टँडवर तुम्ही एकट्याच असता ना?"

"हो."

"मग हे ऐका."

त्याने हेडफोन माझ्या हातात दिले. मी लावले. माझा व्हायोला ऐकू आला. मग तो थांबला. मग पान उलटल्याची सळसळ, अगदी स्पष्ट, माझ्या अंगठीचा स्टँडला लागलेला टक् आवाजसुद्धा…

आणि त्या सळसळीखाली स्वर चालू होता.

"हात पानावर आहे तुमचा," तो म्हणाला. "मग वाजवतंय कोण?"

मी हेडफोन काढून ठेवले.

"पुसून टाकू का हे?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"नको," मी म्हटलं. "पुसू नका."

दुसऱ्या दिवशी आले तर माइक चेलोंकडे हलवलेला होता. तेव्हापासून तो जिन्यात भेटला तर घड्याळ बघतो.

मी मात्र खूश होते, खोटं कशाला बोलू. ते दोन महिने मला तालमीची अशी ओढ लागली होती की मी अर्धा तास आधी जाऊन बसायचे. सातव्या पानासाठी जीव टांगणीला लागायचा. छडीवाल्यांनी एखाद्या दिवशी तो भाग घेतला नाही तर घरी येऊन जेवण जायचं नाही. तीन सेकंद बहीण भेटते, एवढ्यावर माणूस दिवस काढू शकतो.

आणि मला वाटायला लागलं, आता सांगायची गरजच काय? रागावली असती तर आली असती का ती? पान उलटताना माझी जागा सांभाळायला?

मग निवड झाली. नवी मुलगी सोमवारपासून येणार, असं लीडरनी शुक्रवारी सकाळी सांगितलं. मी आता बाहेर बसायचं, ती आत. पान ती उलटणार.

म्हणजे सातव्या पानाखाली माझ्या दोन मात्रा जाणारच नव्हत्या. ताईला यायला जागाच उरणार नव्हती.

सांगायचं तर आजच.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी हॉलमध्ये थांबले. दीड वाजला होता. खिडकीतून ऊन येत होतं, भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून लावलेल्या राखाडी सतरंज्यांवर पडत होतं. साठ रिकाम्या खुर्च्या. कुठेतरी खाली कपबश्या वाजत होत्या.

मी सातवं पान लावलं आणि एकटीच वाजवायला लागले.

तळ आला. पान उलटलं.

स्वर आला…

यावेळी मी पुन्हा वाजवायला सुरुवात केली नाही. व्हायोला मांडीवर घेतला आणि गप्प बसून राहिले.

तो थांबला नाही.

दोन मात्रा झाल्या. चार झाल्या. आठव्या पानावरची पहिली ओळ पूर्ण झाली. रिकाम्या हॉलमध्ये, उन्हात, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून ताईचा व्हायोला एकटा वाजत होता. आणि तो इतका सुंदर वाजत होता की मला वाटलं, सांगूच नये. ऐकत बसावं फक्त.

पण सोमवार तीन दिवसांवर होता.

"ताई," मी म्हटलं. "सवय नव्हती ती."

स्वर चालू होता.

"तू बो उचललास तेव्हापासून धुनेच्या मध्ये मी कुठलंच पान वेळेवर उलटत नव्हते. तुला माहीत होतं ते. प्रत्येक वेळी पुढच्या चार ओळी मी पाठ करायचे. धून संपली की मग उलटायचे, म्हणजे कुणाला तो खंड कळू नये. आठ महिने. एकदाही चुकले नव्हते."

दुसरी ओळ संपली. तिसरी सुरू झाली.

"त्या दिवशी मी हात पुढे केला, तेव्हा मला माहीत होतं काय होणार ते. मी दमले होते गं. खांदा इतका दुखत होता. आणि त्या दिवशी सकाळीच तू सगळ्यांसमोर मला म्हणालीस, छोटे, बो सरळ धर. स्वतः वाजवत नव्हतीस आणि मला शिकवत होतीस. मला वाटलं, कळू दे एकदा सगळ्यांना. तीनच सेकंद. मी मुद्दाम उलटलं ताई. मला माहीत होतं."

स्वर थांबला.

ओळ संपल्यावर थांबावा तसा नाही. मध्येच. स्वराच्या अर्ध्यात बो उचलला की तार क्षणभर स्वतःशीच गुणगुणत राहते. तशी ती राहिली.

मग तेही विरलं.

मी वाट पाहिली. दोन वाजता लोक वर यायला लागले तरी बसूनच होते. कुणीतरी विचारलं, बरं वाटत नाही का. मी मान हलवली, हो की नाही ते मलाही आठवत नाही.

सोमवारी नवी मुलगी आली. हुशार आहे, नम्र आहे. तेवीसेक वर्षांची असेल. मी ताईच्या खुर्चीत बसले, ती माझ्या. सातव्या पानाखाली तिने वेळेवर पान उलटलं, आणि त्या दोन मात्रा मी एकटीने वाजवल्या. माझाच आवाज. जरा दाबलेला.

मावशींना मुद्दाम विचारलं मी. "आता त्या खुर्चीखाली बाकीच्यांसारखीच काय ती थोडी पडते," त्या म्हणाल्या. "पहिल्यासारखी नाही. बरं झालं बाई, सांगितलंत ते."

मी स्वतःची समजूत घातली. तिला खरं उत्तर हवं होतं, मिळालं, ती सुटली. माणसं असंच म्हणतात ना. रागावून गेली की मोकळी होऊन गेली, ते कळायला मार्ग नव्हता, आणि मी मोकळी होऊन गेली असंच धरून चालले. कार्यक्रमही पार पडला. टाळ्या पडल्या. काका निवृत्त झाले, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, म्हणजे आजपासून बरोबर बारा दिवसांपूर्वी, तालीम संपल्यावर ती नवी मुलगी घुटमळत उभी राहिली.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

मला ताई म्हणते ती. पहिल्या दिवसापासून.

"विचार की."

"तुम्ही वाजवायला सुरुवात करायच्या आधी नाकाने श्वास घेता ना, मला त्याचा फार आधार वाटतो. त्यावरच मी सुरू होते. पण…"

"पण काय?"

"तो दोनदा ऐकू येतो. आधी एक, मग तुमचा. प्रत्येक ओळीच्या आधी. मला वाटलं माझ्याच कानात काही बिघाड आहे. म्हणून चार दिवस मोजत होते."

आम्हाला फुंकायचं काही नसतं. बासरीवाल्यांना श्वास लागतो, आम्हाला काय करायचाय, असं लोकांना वाटतं. पण चांगला वाजवणारा बो तारेवर ठेवायच्या आधी श्वास घेतो, धुनेच्या लयीत, आणि त्या श्वासावर मागचे सगळे एकत्र सुरू होतात. ताईचा श्वास चौथ्या स्टँडपर्यंत ऐकू जायचा. लोक त्यावरून तिची थट्टा करायचे.

मी तो श्वास अजून ऐकलेला नाही. रोज कान देऊन बसते. मला ऐकू येत नाही.

त्या मुलीला मात्र रोज येतो.

म्हणजे ताई गेलेली नाही. ती तिथेच आहे, माझ्या बाजूला, किंवा मी तिच्या खुर्चीत बसते म्हणून माझ्यातच कुठेतरी. प्रत्येक ओळीच्या आधी श्वास घेते. सगळ्यांबरोबर बो खाली आणते, वर नेते. फक्त तारेला टेकवत नाही. दोन महिने टेकवत होती. मी तिला खरं सांगितलं त्या दुपारपर्यंत.

मी चूक केली की बरोबर केलं, ते सांगणारं आता कुणी नाही.

परवा लीडर पुन्हा म्हणाले, "छोटे, फार जोरात वाजवतेस हल्ली. जरा हळू."

मी हो म्हटलं. पण हळू वाजवत नाही. बो घोडीजवळ धरते, सगळं वजन सोडते. रात्री खांद्याला मलम माझं मीच चोळते, पाठीमागे हात पोचत नाही तिथे राहून जातं. सकाळी पुन्हा जाते आणि दोघींचं वाजवते.